ऑटोमॅटिकचा कॉम्प्युटर बाजूला काढून हाताने गिअर: शहाणपण की नुसता नाद?

जांभ्याचा_चढ

जुन्या फोर बाय फोरमधल्या इलेक्ट्रॉनिक ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे गिअर ठरवायचं काम कॉम्प्युटरकडून काढून घ्यावं आणि एका स्विचवर, म्हणजे आपल्या हातात आणावं, असं माझं मत आहे. सगळ्या गाड्यांबद्दल बोलत नाही. आयसिन या जपानी कंपनीचा चार गिअरचा जो जुना बॉक्स आहे, टोयोटाच्या हायलक्स, फोररनर, प्राडोमध्ये ए३४० नावाचा आणि जीप चेरोकीत १९८७ ते २००१ पर्यंत एडब्ल्यू४ नावाचा, त्याच्यापुरतं बोलतोय.

हा कॉम्प्युटर गिअर ठरवताना मुख्यतः दोनच गोष्टी बघतो: ॲक्सिलरेटर किती दाबलाय आणि गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा शाफ्ट किती वेगानं फिरतोय. डांबरी रस्त्यावर एवढं पुरतं. जुलैत कोल्हापूर जिल्ह्यात गगनबावड्याच्या बाजूला तांबड्या चिखलाच्या चढावर पुरत नाही. चाकं जागेवर फिरली की शाफ्ट जोरात फिरतो, कॉम्प्युटरला वाटतं गाडी पळायला लागली, आणि नेमका चढाच्या मध्यावर तो वरचा गिअर टाकतो. ओढ गेली, गाडी बसली. कशीबशी वर पोचून पाय काढला की आणखी एक शहाणपणा: ॲक्सिलरेटर बंद, वेग आहे, म्हणजे टाका वरचा गिअर. पुढं उतार लागणार आहे हे त्याला कोण सांगणार?

जोडणी अवघड नाही. गिअरसाठी आत दोन सोलेनॉइड, म्हणजे विजेवर तेलाची वाट उघडणारे-बंद करणारे व्हॉल्व्ह आहेत, एस१ आणि एस२. तिसरा लॉकअपचा, म्हणजे इंजिन आणि बॉक्सला तेलातून जोडणारा कन्व्हर्टर घट्ट बांधून टाकण्याचा. तिघांचाही अर्थ (अर्थिंग) बॉक्सच्या बॉडीतूनच मिळतो, कॉम्प्युटर फक्त १२ व्होल्ट देतो किंवा काढतो. लिव्हर डी वर असताना हिशोब असा: एस१ एकटा चालू म्हणजे पहिला, दोन्ही चालू म्हणजे दुसरा, एस२ एकटा चालू म्हणजे तिसरा, दोन्ही बंद म्हणजे चौथा. गंमत बघा, कुठल्याही शेजारच्या गिअरवर जाताना एकच सोलेनॉइड बदलतो. म्हणून साधे दोन टॉगल लावले तरी भागतं. पण चिखलात कुठला टॉगल वर आणि कुठला खाली याचा गोंधळ होतो, त्यापेक्षा चार घरांचा रोटरी स्विच बरा.

वायरी ओळखायला बॉक्सच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावा. बॉडीला धरून ११ ते १५ ओहम दाखवणाऱ्या तीन वायरी म्हणजे हे तीन सोलेनॉइड. कुठली कुठली हे पक्कं करायला चारी चाकं स्टँडवर उचला, लिव्हर डी वर, इंजिन १५०० वर धरा आणि एकेका वायरीला फ्यूजमधून १२ व्होल्ट द्या. एका वायरीनं स्पीडोमीटर एकदम खाली येईल, ती एस१. दुसरीनं थोडा कमी होईल, ती एस२. पहिल्याचं प्रमाण २.८०, तिसऱ्याचं १.००, त्यामुळं काट्यातला फरक डोळ्याला दिसतो. गिअर बदललाच नाही ती लॉकअपची.

इग्निशनवरून सप्लाय, ५ अँपिअरचा फ्यूज, १ चौरस मिमी वायर. सोलेनॉइड एका वेळी जेमतेम एक अँपिअर घेतो. उतारावर स्विच पहिल्यावर ठेवला की इंजिन गाडी धरून ठेवतं, हा वरचा फायदा.

उद्यमनगरचा_पाना

भावा, आधी एक सांग. चांगल्या चालणाऱ्या गाडीला हे करायचं म्हणतोयस का बिघडलेल्या? ‘कॉम्प्युटर काढून टाका, वैताग आणलाय’ म्हणून गॅरेजला जी गाडी येते ती बहुतेक वेळा बिघडलेलीच असते, आणि बिघाड कॉम्प्युटरात नसतोयच. बॉक्सच्या बाजूला लिव्हरची जागा सांगणारा न्यूट्रल स्विच असतोय, त्यात चिखलाचं पाणी जाऊन कॉन्टॅक्ट हिरवे पडत्यात. नाहीतर थ्रॉटल पोझिशन सेन्सर मधेच एका जागी मेलेला असतोय. मल्टिमीटर लावून ॲक्सिलरेटर सावकाश दाबायचा. बंद असताना अर्ध्या व्होल्टच्या आसपास, पूर्ण दाबल्यावर चारच्या वर, आणि मधे काटा कुठंच टुणकन उडता कामा नये. उडला तर सेन्सर बदला, गिअरचं भूत उतरतंय.

आणि परीक्षा काय, सोपी हाय. कॉम्प्युटरचा फ्यूज काढा आणि गाडी चालवून बघा. चेरोकीत लिव्हर १-२ वर पहिला, ३ वर तिसरा, डी वर चौथा मिळाला पाहिजे. टोयोटात एल वर पहिला, २ वर तिसरा, डी वर चौथा. रिव्हर्स तर कॉम्प्युटर नसला तरी पडतोयच. हे सगळं बरोबर मिळालं म्हणजे आतलं पोट चांगलं हाय, दुखणं वायरीत हाय. नाही मिळालं तर स्विच लावून काय दिवे लावणार?

आता ह्यातनंच दुसरा प्रश्न. फ्यूज काढला की लिव्हरवर पहिला, तिसरा, चौथा आपल्या हातात आलेच की. मग रोटरी स्विच कशाला पाहिजे?

शिरोळची_काळी

दुसऱ्यासाठी पाहिजे, पाना! तोच तर मिळत नाही फ्यूज काढून.

पश्चिमेकडचे लोक जांभ्याचा विचार करतात, आमच्या काळ्या मातीचा कोणी करत नाही. जांभा घसरतो पण खाली कडक असतो. काळी माती चाकाला चिकटून ग्रिप बुजवते आणि चाक एकदा फिरलं की खड्डा पाडत खाली जाते. ऊसतोडीच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चाकोऱ्या बघा, त्यात जीपचं पोट टेकतं. तिथं पहिल्या गिअरमध्ये सुटायचं म्हणजे चाक फिरवून घ्यायचं. लो रेंज (फोर बाय फोरची कमी वेगाची, जास्त ओढीची जोडणी) आणि दुसरा, हलका पाय, हाच मार्ग. कॉम्प्युटर थांबलेल्या गाडीला पहिलाच देतो. १-२ वर लिव्हर ठेवली तरी सुटतो पहिल्यातच. स्विच २ वर ठेवला की गाडी थेट दुसऱ्यातून सुटते. प्रमाण १.५३, म्हणजे चाकावरचा जोर पहिल्याच्या साधारण निम्मा. एवढ्या एका कारणासाठी मी जांभ्याचा_चढ यांच्या बाजूनं.

एकेरी_क्लच

मूळ लेखातल्या शेवटच्या वाक्याशी मी अजिबात सहमत नाही, आणि ते वाक्य कोणीतरी खरं मानून घाट उतरेल म्हणून लगेच लिहितो.

लिव्हर डी वर ठेवून स्विचनं पहिला गिअर दिला तर इंजिन ब्रेक मिळत नाही. शून्य. डी वरचा पहिला गिअर एका वन-वे क्लचवर टेकलेला असतो. इंजिन चाकांना ढकलतं तेव्हा तो अडकतो, चाकं इंजिनला ढकलायला लागली की तो मोकळा फिरतो, सायकलच्या फ्रीव्हीलसारखा. डी वरच्या दुसऱ्याचंही तेच. उतारावर धरून ठेवणारे ब्रेक-बँड वेगळे आहेत आणि त्यांना तेलाचा दाब लिव्हरच्या खालचा मॅन्युअल व्हॉल्व्ह देतो, सोलेनॉइड नाही. म्हणून लिव्हर एल वर किंवा चेरोकीत १-२ वरच पाहिजे. तिथं स्विच १ वर असला तर पहिला धरून ठेवतो, २ वर असला तर दुसरा.

भुईबावड्याच्या वळणांवर डी मध्ये स्विच १ वर टाकून कोणी ब्रेकवरचा पाय काढला तर गाडी न्यूट्रलमध्ये असल्यासारखी सुटेल. मग सगळा भार ब्रेकच्या पॅडवर.

आणखी एक. डी वर असताना सप्लाय गेला, फ्यूज उडाला, वायर निसटली, तर दोन्ही सोलेनॉइड बंद, म्हणजे पहिल्यातून थेट चौथा. चढाच्या मध्यावर. एल वर असताना सप्लाय गेला तर पहिला पडतो. चढासाठी हे उत्तम. पण एल वर, स्विच २ वर, हाय रेंजमध्ये पन्नासच्या वेगात असताना फ्यूज उडाला तर गाडी धाडकन पहिल्यात येईल आणि इंजिन किंचाळेल. म्हणून एल फक्त लो रेंजमध्ये.

जांभ्याचा_चढ

चूक मान्य. उतारावर लिव्हर एल, स्विच १ किंवा २, लो रेंज. ते वाक्य असं वाचावं.

तेल_१२०

सगळे गिअरबद्दल बोलताहेत, तेलाबद्दल कोणीच नाही. ऑटोमॅटिक बॉक्स गिअर चुकल्यानं क्वचित मरतो, तापल्यानं हटकून मरतो.

कन्व्हर्टर लॉक नसताना आत दोन पंखे एकमेकांना तेलातून ढकलतात. इंजिन फिरतंय आणि गाडी उभी किंवा रांगतेय, म्हणजे इंजिनची बरीच ताकद तेल तापवण्यात जाते. नेहमीच्या चालीत एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिकचं तेल, ८० ते ९५ अंशांवर असतं. १२० च्या वर ते जळून वार्निशसारखा थर धरायला लागतं, १५० च्या पुढं सील कडक होतात आणि क्लचच्या प्लेटा करपतात. चिखलात रिव्हर्स-डी, रिव्हर्स-डी करत गाडी झुलवली की हे तापमान बघता बघता गाठलं जातं. आता स्विचवाल्याचा स्वभाव बघा: हातात गिअर आला की माणूस गरजेपेक्षा वरचा गिअर धरून ठेवतो. तिसऱ्यात, लॉकअपशिवाय, पाचशे मीटर चढ. कॉम्प्युटरनं खालचा गिअर टाकून कन्व्हर्टरमधली घसरण कमी केली असती. स्विच तसं काही करत नाही, तो तुमच्या हुकमाचा ताबेदार.

त्यामुळं माझ्या मते क्रम उलटा पाहिजे. आधी तापमानाचा मीटर, मग बाहेरचा कूलर, आणि तरीही पैसे आणि हौस उरली तर स्विच. मीटरचा सेन्सर बॉक्समधून कूलरकडं जाणाऱ्या गरम पाइपात टी घालून बसवा, पॅनमध्ये नको. पॅनमधलं तेल थंड होऊन आलेलं असतं, मीटर गोड गोड बोलतो. कूलर रेडिएटरच्या पुढं लावला तर दर चिखलानंतर मागच्या बाजूनं पाणी मारून फिना धुवा. पुढून प्रेशर मारलं तर चिखल आणखी आत बसतो. मीटर १२० च्या पुढं गेला की थांबा, न्यूट्रलला घ्या, इंजिन हजार-बाराशेवर चालू ठेवा. बंद करू नका, बंद केलं की पंपही थांबला आणि तेल कूलरकडं जायचंच थांबलं.

एडब्ल्यू४ ला डेक्सरॉन प्रकारचं तेल जातं. ‘जीप आहे’ म्हणून क्रायस्लरच्या इतर बॉक्सचं एटीएफ+४ ओतणारे महाभाग आहेत. तो बॉक्स क्रायस्लरचा नाही, आयसिनचा आहे. आणि पॅन काढून तेल सोडलं तर निम्म्याच्या आसपासच निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये बसलेलं असतं. एकदा बदलून रंग काळपट दिसला तर पुन्हा बदला.

शिरोळची_काळी

लॉकअपचं काय करायचं मग? त्यालाही स्विच?

तेल_१२०

वेगळा टॉगल, आणि ब्रेकवर तुटणारा. लॉकअप लागलेला असताना गाडी थांबवली तर क्लच न दाबता मॅन्युअल गाडी थांबवल्यासारखं इंजिन बंद पडतं. साधा पाच पायांचा रिले घ्या. टॉगलमधून आलेला सप्लाय ३० वर, ८७ए वरून लॉकअपच्या वायरीला, ८५ अर्थ, ८६ ला ब्रेक-लाइटची वायर. ब्रेक दाबला की रिले ओढतो आणि ८७ए तुटतो. टॉगल तिसऱ्या-चौथ्यात, एकसारखी चाल असतानाच. गिअर बदलायच्या आधी सोडायचा. विसरलात तर झटका बसेल आणि प्लेटा त्याचा हिशोब ठेवतील.

सहा_गिअर

हेच २०२० च्या थारला किंवा नव्या फॉर्च्युनरला करता येईल का? त्यात हाताने गिअर बदलायचा मोड आहे, पण चालवणारे म्हणतात शेवटी निर्णय कॉम्प्युटरचाच.

एकेरी_क्लच

नाही. आणि का नाही हे कळलं की या सगळ्या वादाचा गाभा कळतो.

ऑटोमॅटिक बॉक्समध्ये दोन वेगळी कामं चालतात. कुठला गिअर, हे एक. त्या गिअरच्या प्लेटा किती दाबानं आवळायच्या, म्हणजे लाइन प्रेशर, हे दुसरं. जुन्या ए३४० आणि एडब्ल्यू४ मध्ये पहिलं काम कॉम्प्युटर करतो, दुसरं काम करते एक साधी केबल. थ्रॉटलपासून निघून बॉक्सच्या आत कॅमला जाते. ॲक्सिलरेटर जितका दाबाल तितका दाब वाढतो. म्हणून कॉम्प्युटर काढला तरी दाब शाबूत राहतो आणि स्विचचा खेळ जमतो. हा बॉक्स निम्मा इलेक्ट्रॉनिक आहे.

टोयोटाचा पुढचा पाच गिअरचा ए७५० घ्या. त्यात केबलच नाही. दाबाचं काम एसएलटी नावाचा लिनिअर सोलेनॉइड करतो. तो चालू-बंद असा नसतो, कॉम्प्युटर त्याला क्षणाक्षणाला कमी-जास्त करंट देतो. त्याची कॉइल ५ ओहमच्या थोडी वर. तिला बॅटरीचे १२ व्होल्ट थेट दिले तर सव्वादोन अँपिअरच्या वर करंट जातो, जो तिच्या नेहमीच्या करंटच्या कितीतरी पुढं आहे. कॉइल जळते. वायर काढूनच टाकली तर दाब कमालीचा चढतो आणि प्रत्येक गिअर हातोडा मारल्यासारखा बसतो. सहा गिअरच्या बॉक्समध्ये तर एका गिअरमधून दुसऱ्यात जाताना एक क्लच सोडायचा आणि दुसरा आवळायचा, हे एकमेकांत मिसळून करावं लागतं. ते टॉगलचं काम नाही. तिथं स्वतंत्र कंट्रोलर लागतो, जो लिनिअर सोलेनॉइड चालवतो आणि तुमच्या हाताला फक्त वर-खाली बटण देतो. म्हणजे कॉम्प्युटर गेला कुठं? दुसरा आला.

अमेरिकन बॉक्सचं आणखी वेगळं. जीएमच्या ४एल६०ई ला वीज गेली की तिसरा पडतो, ४एल८०ई ला दुसरा, आणि दोन्हीत दाब पूर्ण चढतो. त्यांच्यासाठी सोलेनॉइडला बाजूला ठेवणारी मॅन्युअल व्हॉल्व्ह बॉडी बाजारात मिळते. आयसिनचा तक्ता त्यांना लावायला जाऊ नका.

उद्यमनगरचा_पाना

हे केबलचं बोललास ते लाखाचं. तिथंच लोकं मार खात्यात. जुन्या गाडीत दुसरं डिझेल इंजिन बसवलं, ऑटोमॅटिक बॉक्स तोच ठेवला, आणि नव्या इंजिनाला केबल अडकवायला जागाच नाही म्हणून केबल तशीच लोंबत सोडली. झालं. बॉक्सला वाटतंय ॲक्सिलरेटर दाबलेलाच नाही. दाब कायम कमी, इंजिनचा जोर पूर्ण, प्लेटा घसरून घसरून काळ्या. मग शिव्या स्विचला.

केबलची सेटिंग: ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवायला एक माणूस आत बसवा. केबलवर एक बारीक दाबलेला मणी असतोय. रबरी टोपीचं टोक आणि त्या मण्यात ० ते १ मिमी एवढंच अंतर पाहिजे. सेटिंग चुकून केबल ढिली राहिली तर गिअर मऊ बसतोय पण प्लेटा घसरत्यात. गिऱ्हाईक खूश असतंय की गिअर कसा लोण्यासारखा पडतोय! ते लोणी नव्हं, प्लेटा वितळायला लागल्यात. उलटी, ताणलेली केबल झटके देती, पण मारत नाही.

आणि ए३४० म्हणलं म्हणजे सगळं एकच असं नाही. मागं एफ असलेल्यात ट्रान्सफर केस, म्हणजे चारी चाकांना ताकद आणि लो रेंज देणारा मागचा बॉक्स, लिव्हरवर हाय. एच असलेल्यात ट्रान्सफरपण तेलाच्या दाबावर आणि सोलेनॉइडवर. तिथं कॉम्प्युटर काढलात तर लो रेंजच हातची जाती. प्लेटवरचं अक्षर बघूनच कात्री काढा.

क्लचवाला_९

एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ मॅन्युअल गिअरबॉक्स बसवा. चेरोकीच्या चार लिटरला एएक्स१५, प्राडोच्या १केझेड डिझेलला आर१५१एफ, दोन्ही कंपनीनंच त्या इंजिनांवर लावलेले. तेल तापायची भानगड नाही, कुठल्याही गिअरात इंजिन ब्रेक आहे, आणि पाण्यात भिजायला कॉम्प्युटर नाही.

काय लागतं ते सांगतो, कारण लोक फक्त बॉक्सची किंमत विचारून येतात. फ्लायव्हील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पॅडलचा पूर्ण सेट, क्लचचे वरचे आणि खालचे सिलेंडर, बेल हाउसिंग, मागचा माउंट. क्रॅंकच्या टोकाला पायलट बेअरिंग लागतं, ऑटोमॅटिकमध्ये ते नसतं आणि हेच हमखास विसरतात. मग बॉक्स बसवून झाल्यावर इनपुट शाफ्ट लोंबकळत फिरतो आणि गिअर अडकतात. बॉक्सची लांबी वेगळी, त्यामुळं पुढचा-मागचा प्रोपेलर शाफ्ट कापून किंवा वाढवून बॅलन्स करून घ्यायचा. जीपच्या चार लिटरमध्ये क्रॅंक सेन्सर फ्लायव्हीलवरच्या खाचा वाचतो. दुसरंच फ्लायव्हील टाकलंत तर इंजिन चालूच होणार नाही.

तेल_१२०

हे काम करणारे हात कोल्हापूरच्या उद्यमनगरात आहेत, शंका नाही. पण ऑफ-रोडला मॅन्युअल चांगला हे गृहीत कशाला धरता? कन्व्हर्टर सुटताना इंजिनची ओढ दुपटीच्या आसपास वाढवून देतो आणि ती सलग देतो. दगडावर चाक चढवताना हे सोनं आहे. मॅन्युअलमध्ये त्याच दगडावर अर्धा क्लच धरून ठेवलात की पाच मिनिटांत वास सुटतो. चढावर गाडी अडकून मागं रिव्हर्समध्ये उतरायचं तर ऑटोमॅटिक शांतपणे उतरते. मी स्विचच्या विरोधात आहे, ऑटोमॅटिकच्या नाही.

आरसी_बुक

मध्ये बोलतो, विषयाचा विरस होईल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टानं ९ जानेवारी २०१९ च्या निकालात तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ च्या पोटकलम ४ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही आहे. एमएच ०९ ची पाटी लावून रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीचा अख्खा गिअरबॉक्स बदलणं हे या चौकटीत धोक्याचं. विम्याच्या दाव्यातही हीच फट शोधली जाते. फक्त खासगी शेतात, ट्रेलरवर नेऊन चालवायची गाडी असेल तर गोष्ट वेगळी.

जांभ्याचा_चढ

म्हणूनच मूळ वायरिंग न कापता करा असं माझं म्हणणं. कॉम्प्युटर आणि बॉक्सच्या मधल्या कनेक्टरला जुळणारी नर-मादी जोडी घेऊन मधे एक छोटा तुकडा बनवायचा. तो तुकडा काढला की गाडी जशीच्या तशी. रस्त्यावर ऑटो, चिखलात हात, असा बदलायचा स्विचही त्याच तुकड्यात. कायद्यातून यानं सुटका होते असं म्हणत नाही, पण अख्खा बॉक्स बदलण्यापेक्षा हा बदल परत फिरवता येतो.

रोटरी स्विचबद्दल एक राहिलं. एकाच पोलचा (एकच सर्किट बदलणारा) घेतला तर दुसऱ्या घरातून एस१ आणि एस२ दोघांना सप्लाय द्यावा लागतो, आणि मधे डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारे) नसले तर पहिल्या घराचा सप्लाय उलटा फिरून एस२ लाही जातो. मग पहिला मिळतच नाही, सगळीकडं दुसराच. दोन डायोड, १एन५४०८, तीन अँपिअरचे. १एन४००७ एक अँपिअरचा असतो, काठावर चालवू नका. दोन पोलचा स्विच घेतला तर ही भानगड नाही.

शिरोळची_काळी

बाजारात साधा रोटरी घेतला तर दोन घरांच्या मधे क्षणभर दोन्ही बंद होतात ना? म्हणजे चौथा?

जांभ्याचा_चढ

बरोबर पकडलंत. पटकन फिरवला तर तेलाचे व्हॉल्व्ह हलायच्या आत पुढचं घर लागतं. सावकाश फिरवला तर झटका बसतो. दुकानात शॉर्टिंग टाइप मागा, तो पुढचा कॉन्टॅक्ट धरल्याशिवाय मागचा सोडत नाही. रिव्हर्स टाकताना स्विच १ वर आणायची सवय ठेवा.

सहा_गिअर

ऑटो-हात बदलायचा स्विच लावला आणि हाताच्या बाजूला टाकला, तर कॉम्प्युटरला सोलेनॉइड तुटलेत असं वाटून तो फॉल्ट धरून बसणार नाही का? परत ऑटोवर आल्यावर?

एकेरी_क्लच

जे कॉम्प्युटर सोलेनॉइडची कॉइल तपासतात ते धरतात. परत ऑटोवर आलात तरी सप्लाय देत नाहीत, इग्निशन बंद-चालू करावं लागतं. उपाय म्हणजे हातावर असताना कॉम्प्युटरच्या तिन्ही वायरींना खोटे सोलेनॉइड दाखवायचे: प्रत्येकी १२ ते १५ ओहमचा रेझिस्टर, दुसरं टोक अर्थला. इथं पाव वॅटचा रेडिओतला रेझिस्टर लावून बोटं भाजून घेऊ नका. चालू गाडीत १४ व्होल्ट असतात, १३ ओहमवर १५ वॅटची उष्णता होते. २५ वॅटचे ॲल्युमिनियमच्या कवचातले घ्या आणि पत्र्यावर स्क्रूनं आवळा, डॅशच्या आतल्या प्लॅस्टिकवर चिकटवू नका. जागा गुडघ्याच्या वर. पुराच्या पाण्यातून गाडी काढायचीच वेळ आली तर आधी बॉक्सच्या ब्रीदरची, म्हणजे हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या भोकाची नळी इंजिनच्या वरपर्यंत नेलीय का ते बघा. गरम बॉक्स थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढते. तेल गुलाबी दुधासारखं दिसलं तर कुठलाही स्विच कामाचा नाही.

उद्यमनगरचा_पाना

ते गुलाबी दूध दिसलं की इंजिन चालू न करता ट्रॉलीवर टाकून आणा. ‘एवढंच गॅरेजपर्यंत नेतो’ म्हणून चालवत आणलेल्या गाडीचा प्लेटांचा खर्च वेगळा पडतोय. प्लेटांचं अस्तर गोंदानं चिकटवलेलं असतंय, पाण्यात ते सुटतंय.